साठ दिवसांचा नियम

अमेरिकेतल्या टोलीडोच्या वाचनालयात मागे जुन्या संगणकांवर कार्यक्रम झाला, तेव्हा लोकांनी म्हाताऱ्या डेल्बर्ट क्रूपाला संगणक फोनला जोडणाऱ्या मोडेमचा आवाज तोंडाने काढायला लावला. त्याने काढला. मंडळी पोट धरून हसली. आठवणी म्हणजे यांना नुसती गंमत वाटते.

डेल्बर्टच्या तळघरात १९८६पासून एक संगणक आणि एक फोनलाइन होती. गावातल्या कुणीही आपल्या संगणकावरून तो नंबर लावावा, पत्रं वाचावीत, उत्तरं लिहावीत आणि लाइन दुसऱ्यासाठी सोडावी. त्या टीचभर राज्याचा डेल्बर्ट राजा, आणि राजा भलता कडक. साठ दिवस जो फिरकणार नाही, त्याचं नाव आणि सगळी पत्रं आपोआप पुसली जात. डिस्कवर जागा कमी, हे खरं. पण आपल्याकडे कुणाचे लाड चालत नाहीत, हे सांगताना त्याची छाती फुगायची, हेही तितकंच खरं.

यूनिस टार ही शाळेतली शिक्षिका चार वर्षं तिथे लिहीत होती. नवऱ्याच्या, हॉवर्डच्या, शेवटच्या आजारपणाची रोजची हकिकत तिने त्याच पत्रांत लिहिली होती. हॉवर्ड गेल्यावर वर्षभराने ती खुब्याच्या ऑपरेशनला निघाली. परतायला वेळ लागेल, माझं नाव सांभाळा, असं तिने कळवलं.

"तिला तेवढं वगळ ना," डेल्बर्टची बायको मार्लीस म्हणाली. "तुझं काय जातंय?"

"एकीला सूट दिली की सगळे मागतील."

सत्तराव्या दिवशी दुपारी यूनिसने साधा फोन केला. संगणक तिला नवखी समजून फॉर्म भरायला सांगत होता. डेल्बर्टने नियम समजावला. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाला.

"भरते," ती म्हणाली. "हॉवर्डच्या आजारपणातली पत्रं मात्र काढून द्या. माझ्याकडे प्रिंटर नाही."

पत्रं कुठेच नव्हती. जादा प्रत जपून ठेवायच्या फ्लॉपींवरही त्याने काटकसर म्हणून दुसरंच काही भरलं होतं. त्याने तसं सांगितलं. माफी अगदी ओठांवर आली होती, पण मेल्याच्या तोंडून निघालं भलतंच.

"नियम सगळ्यांना सारखाच आहे, बाई."

"असेल. सगळ्यांचा नवरा गेला नव्हता," यूनिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी डेल्बर्टने नियम काढून टाकला आणि यूनिसचं नाव स्वतःच्या हाताने पुन्हा घातलं. पुढे सात वर्षांनी त्याने सगळंच बंद केलं. तोवर त्या नावापुढे रोज एकच ओळ दिसत राहिली: पत्रं शून्य.