समुद्र उजव्या हाताला

ये गो बाय, अशी जवळ ये. तो फोन ठेव जरा उपडा. तू समोर नाहीस, मी कागदावर लिहितेय, हे मला ठाऊक आहे. पण "ये गो" म्हटल्याशिवाय माझ्या तोंडून काही निघतच नाही, त्याला मी काय करू? आणि रागवायचंय तुझ्यावर, ते लांबून कसं रागावणार? गणपतीत येते म्हणालीस, आली नाहीस. वालाच्या शेंगा आल्या की येते म्हणालीस, शेंगा सुकून गेल्या. आणि फोनवर मात्र प्रत्येक वेळी विचारतेस, "आजी, मॉरिशसला नक्की काय झालं होतं?" पप्पा सांगतात ते वेगळं, आजोबा सांगतात ते वेगळं. तर बस आता. मला समजलंय तेवढं सांगते. सगळं मलाही समजलेलं नाही.

तुला आठवतं ना, त्या सहलीला तू येणार होतीस? गाडी तूच चालवणार होतीस. आम्ही दोघं मागे बसून खिडकीतून बघणार, असं ठरलं होतं. आणि ऐन वेळी तुझ्या कंपनीनं रजा दिली नाही. तिकिटं निघालेली, हॉटेलाचे पैसे भरलेले. तू म्हणालीस, "आजोबांचं लायसन चालतं तिथे, मी विचारलंय. रस्ते आपल्यासारखेच, डाव्या बाजूचे. आजोबांना चालवू दे की गाडी." आजोबा पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही, पण पेपराच्या मागे ते हसतायत हे मला कळलं. दिवाळीपासून ते हसले नव्हते.

दिवाळीचं तुला तुझ्या बापानं सांगितलंच असेल. तरी माझ्या बाजूचं ऐक. हे घरातून निघाले रोह्याला, कोथिंबीर आणि मिरच्या आणायला. तासाभरात यायचे, ते दुपार झाली तरी पत्ता नाही. फोन घरीच. शेवटी कुणाचा तरी फोन आला, की काका डोलवीला कंपनीच्या गेटसमोर गाडी लावून बसलेत. आता रोहा कुठे नि डोलवी कुठे! कंपनीची शिफ्टची बस त्यांनी किती वर्षं चालवली, ते तुला माहीत आहे. पण रिटायर होऊनही काळ लोटला होता. तुझा बाप पुण्याहून धावत आला. चिडलासुद्धा नाही. जाताना गाडीची किल्ली घेऊन गेला. गाडी राहिली फणसाखाली. पानं पडायची तिच्यावर, आणि हे रोज सकाळी ती झाडायचे. चालवायची नाही, तरी झाडायचे.

म्हणून आम्ही मॉरिशसला पोचल्यावर तुझ्या बापाला जेव्हा कळलं की गाडी हेच चालवणार, तेव्हा तो फोनवर माझ्यावर ओरडला. मग दमला, आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, तू बाजूला बसशील. बाबा गोंधळले, रस्ता विसरले, तर मला खरं सांगायचं. तसं असेल तर ती गाडी विकून टाकू. त्यांच्याच भल्यासाठी." मी म्हटलं, सांगेन. तर असा हा जीव मुठीत धरून मी त्या गाडीत बसले. बाहेर समुद्र कसा, झाडं कशी, ते मी बघत नव्हते. मी ह्यांच्याकडे बघत होते.

तू फोनमध्ये ती बोलणारी बाई भरून दिली होतीस. जसजशी गाडी दक्षिणेकडून बेटाला गोल फेरी घालत पुढे जाईल तसतशी ती हिंदीत सांगेल, इथे अमुक, तिथे तमुक. नेट लागत नाही म्हणालीस. नकाशाला मात्र नेट लागायचं, आणि हॉटेलाचं दार ओलांडलं की नेट गेलं. तू सांगितलं होतंस, किनाऱ्याचा रस्ता धरायचा आणि दक्षिणेकडे निघायचं, दक्षिणेच्या टोकाला संध्याकाळ बघायची. सकाळी पाऊस होता. निघायला दुपार झाली. हॉटेलासमोर रस्ता, एक डाव्या अंगाला जाणारा, एक उजव्या. दोन्हीकडे सारखीच माडाची झाडं.

"दक्षिण कुठली गो?" ह्यांनी विचारलं.

आता हे मला विचारायचं! जन्म शेतात गेला माझा. मी वर बघितलं. दिवस वैशाखाचे, पण हवा पौषासारखी गार, आणि ऊनही पौषासारखं एका बाजूला कललेलं. आपल्याकडे पौषात दुपारचं ऊन दक्षिणेला कलतं, घराची सावली मागच्या पडवीच्या पलीकडे उत्तरेला पडते. तिथेच नाही का बसत आम्ही वाल सोलायला? सूर्य कलला म्हणजे दक्षिणेलाच कलणार, दुसरीकडे जाईल कुठे? मी हात केला, "ही दक्षिण."

आणि गंमत बघ, सगळं जुळलं. तिकडे तोंड केलं तर समुद्र उजव्या हाताला, डोंगर डाव्या हाताला. म्हणजे आपल्यासारखंच. आपण रोह्याहून दक्षिणेला निघालो तर खाडी-समुद्र उजवीकडे, घाट डावीकडे. हे म्हणाले, "बरोबर. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, चुकायला होत नाय." आणि गाडी सुरू केली.

चालवतात कसे हे मला नव्यानं दिसलं. वळणावर हॉर्न, पुढच्या सायकलवाल्याला आधीच जागा. एक कोपर खिडकीत. थोड्या वेळानं तर शीळ घालायला लागले. मी म्हटलं, "अहो, नीट समोर बघा." तर म्हणतात, "समोरच बघतोय, तू माझ्याकडे का बघतेस? एवढा काय मी देखणा?"

आणि तेवढ्यात तुझी ती बाई बोलली. पहिल्यांदाच बोलली. काय म्हणाली असेल? "आपल्या प्रवासाच्या शेवटच्या ठिकाणी आपलं स्वागत आहे. आशा आहे, आपल्याला हा प्रवास आवडला असेल."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हॉटेल अजून मागच्या आरशात दिसत होतं.

"लवकर आटपलं हिनं," हे म्हणाले.

पुढे ती एका बाईची गोष्ट सांगायला लागली. लहानपणी बोटीतून कुणाबरोबर तरी आलेली, ऊस तोडणारी. तर पहिल्याच भागात ती म्हातारी होऊन मेली. नातवंडं जमली, देवळात दिवा लावला. मला वाईट वाटलं. पुढच्या गावात ती बाई पुन्हा जिवंत, मुलीचं लग्न करत होती. त्याच्या पुढे तिची मुलगीच रांगत होती. मी म्हटलं, हे काय चाललंय? मेलेली माणसं अशी उठून तरणी व्हायला लागली तर करायचं काय! मी फोन हलवून बघितला. ह्यांनी तो माझ्या हातातून काढून पुढे ठेवला, "तिला बोलू दे, तू रस्ता बघ."

रस्ता बघितला तर आणखीच घोळ. सूर्य डोंगराकडे निघाला होता. समुद्राकडे नाही, डोंगराकडे! आपला सूर्य घाटातून उगवतो आणि खाडीत बुडतो. साठ-पासष्ट वर्षं मी बघतेय, एक दिवस त्यानं चूक केली नाही. आणि इथे तो जिथून उगवायचा तिथेच परत चाललेला. वाटलं, झालं. ह्यांनी मधेच कुठेतरी वळण घेतलं आणि मला कळलं नाही. मघाशी त्या गोल चौकाला वळसा घातला तेव्हा. डोलवीसारखंच झालं.

"अहो, आपण कुठे चाललोय?"

"तू सांगितलंस तिकडे."

"मग सूर्य तिकडे कसा?"

"ते सूर्याला विचार. मी वळलेलो नाय. समुद्र बघ, कुठल्या हाताला हाय?"

समुद्र उजव्याच हाताला होता. तुझ्या बापाचे शब्द कानात. खरं सांगायचं म्हणजे काय सांगू? हे वळले म्हणून सांगू? मी तर डोळे लावून बसले होते, वळलेले मला दिसले नव्हते. की मीच विसरायला लागलेय? हे मनात आलं तेव्हा मात्र मी जास्तच घाबरले. म्हटलं, गाडी थांबवा. पुढे एक देऊळ दिसतंय, तिथे थांबवा. देवाच्या दारात जरा बसू.

शंकराचं देऊळ होतं, पांढरं, रंगीत कडांचं. पत्र्याच्या मांडवाखाली उघड्यावर एक पिंड. बाहेर जास्वंदी लावलेल्या. कुणी नव्हतं. मी हात जोडले, प्रदक्षिणेला निघाले. शंकराची प्रदक्षिणा अर्धीच, तुला सांगितलंय ना मी? पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर जातं ती पन्हळ ओलांडायची नाही. तिथपर्यंत जायचं आणि उलट फिरायचं. मी पन्हळीपाशी थांबले, फिरायच्या आधी मान वर केली, तर ऊन थेट डोळ्यांत.

पन्हळ नेहमी उत्तरेला असते, बाय. आपल्या गावात, रोह्यात, पेणेत, कुठेही जा. आणि इथे पन्हळीच्या अंगाला सूर्य.

"अहो," मी हाक मारली, "इथल्या लोकांनी देव उलटा बसवलाय!"

हे आले. पन्हळीकडे बघितलं. सूर्याकडे बघितलं. डोंगराकडे बघितलं. मग मागे वळून समुद्राकडे. डोळे बारीक करून उभे राहिले, बस रिव्हर्स घेताना राहायचे तसे. मी म्हटलं, आता काय बोलतात?

"देव उलटा नाय," ते म्हणाले. "तो पुजारी काय येडा हाय उलटा बसवायला? पन्हळ उत्तरेला, म्हणजे सूर्य उत्तरेला. म्हणजे आपण उत्तरेला आलो. मग समुद्र हा पूर्वेचा आणि डोंगर पश्चिमेचा. म्हणून तो तिकडे बुडतोय." आणि बोटानं हवेत एक वर्तुळ काढलं, "म्हणून ती बाई आपल्याला शेवटापासून सांगतेय. आपण उलट्या तोंडानं निघालोय." आणि हसत हसत तिथल्या पायरीवर बसले.

"पण सूर्य उत्तरेनं कसा जाईल?" मी म्हटलं. "वाट आहे का ती त्याची?"

"आपण पार खाली आलोय पृथ्वीच्या. इथून तो वरच्या अंगानं जातो."

त्यांनी मला पायरीवर दोन जास्वंदीची फुलं आणि गाडीची किल्ली ठेवून समजावलं. किल्ली म्हणजे आपण, एक फूल सूर्य, एक पृथ्वी. मी मान हलवली. खरं सांगू? मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण एक कळलं. जो माणूस देवळाच्या अंगणात उभं राहून चार दिशा अशा हातात घेऊन जाग्यावर लावतो, त्याचं डोकं ठिकाणावर आहे. माझं नव्हतं.

मी म्हटलं, "आता पुढे जायचं? तसंच गोल फिरून?"

"नको," ते म्हणाले. "दक्षिणेच्या टोकाला पोचेपर्यंत अंधार पडेल. परका रस्ता. आल्या वाटेनं जाऊ, समुद्र डाव्या हाताला ठेवून." तरणे असताना त्यांनी हट्ट केला असता, गोल पुरं केलं असतं. मी फुलं देवाला वाहिली.

येताना ती बाई गप्प होती, तिचं सांगून झालं होतं. आता हेच बोलत होते. मधेच म्हणाले, "डोलवीला मी चुकलो नव्हतो गो."

"मग?"

"नागोठण्याच्या नाक्यावर शिफ्टची बस दिसली. नवीन पोरगा चालवत होता. कशी चालवतो बघू म्हणून मागे मागे गेलो." आरशात मागचा रस्ता बघितला. "बरी चालवतो. ब्रेक जरा जोरात मारतो."

"मग हे तेव्हाच का नाय सांगितलंत?"

"कोथिंबीर राहिली होती ना," ते म्हणाले.

आता हे खरं की मागाहून जुळवलेलं, मला ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं खरं, कधी वाटतं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

हॉटेलात पाय ठेवला आणि तुझ्या बापाचा फोन. "आई, रस्ता चुकला का?"

"चुकला," मी म्हटलं.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" तो सुरू झाला.

"मी चुकवला," मी म्हटलं. "दक्षिण म्हणून उत्तर दाखवली. त्यांनी शोधून काढलं नि दिवस मावळायच्या आत परत आणलं. तू बाजूला बसला असतास ना, तर आपण दोघं मायलेक अजून तिथेच सूर्याला नावं ठेवत बसलो असतो."

तो म्हणाला, "बाबांना फोन दे." दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. पण पुढच्या खेपेला आला तेव्हा चहा घ्यायच्या आधी त्यानं किल्ली काढली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवली. ह्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चहा पिऊन झाल्यावर मात्र म्हणाले, "रोह्यातून कायतरी आणायचं होतं ना गो?" काही आणायचं नव्हतं. मी म्हटलं, "कोथिंबीर."

आता दक्षिणेचं टोक राहिलं, ते राहू दे. पण त्या ऊस तोडणाऱ्या बाईचा पहिला भाग राहिला, तो मनात अडकलाय. ती मेलेली मला माहीत आहे, तिच्या लेकीचं लग्न माहीत आहे. पण ती बोटीत बसली कुठून, तिच्या गावचं नाव काय, हे दक्षिणेत सांगणार होती आणि आम्ही तिथे गेलोच नाही. तू म्हणालीस, ती गोष्ट घरी बसूनही ऐकता येते. मग ये ना, फोन घेऊन. दिवाळीची वाट बघू नकोस, याच महिन्यात ये. पडवीत बसून ऐकू, सुरुवातीपासून, सरळ. पुण्याच्या बसनं येऊ नकोस, पनवेलहून रेल्वेगाडी पकड आणि रोह्याला उतर. स्टेशनाबाहेर आजोबा गाडी घेऊन उभे असतील. आलेत का, वेळेवर आलेत का, ते मला फोन करून सांगायची गरज नाही. तू फक्त निघ.