मागं कोन ऱ्हायलं का?

लग्नघरात अल्बम साठतात, आम्हा बँडवाल्यांकडे किस्से! एक सांगायला घ्यावा तर चार पुढं येतात.

मी लातूरला हमीदमास्तरांच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवायचो. परण्या, म्हणजे नवरदेवाची मारुतीला जाणारी मिरवणूक, मास्तरांच्या क्रमानंच निघायची. पुढं बँड, मग नाचणारे, मग घोडा, घोड्यामागं पहिली वरमाय आणि तिच्यामागं बाया. क्लॅरोनेट ओठाला लावण्याआधी मास्तर वळून विचारणार, "मागं कोन ऱ्हायलं का?" कोणी राहिलं असेल तर आभाळ कोसळो, बँड हलायचा नाही.

शिरूर अनंतपाळला एक पुढारी फोटोसाठी थेट बँडच्या पुढं येऊन उभे राहिले. मास्तरांनी क्लॅरोनेट त्यांच्या हातात दिलं. "साहेब, हितं उभं ऱ्हायचं तर वाजवावं लागतंय!"

साहेब गुमान नाचणाऱ्यांत गेले.

मुखेडला परण्या नेमका बाजाराच्या दिवशी. मास्तर वळून बघतात तर वरमायच गायब! बाई शालू नेसून वांग्यांचा भाव करत उभ्या. त्यांच्या नवऱ्यानं कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, "लगीन आज हाय, पर खायाला उद्याबी लागतंय न्हवं?"

पिशवीसकट त्या घोड्यामागं आल्या, तेव्हा कुठं बँड वाजला.

मुदखेडला बँड रुळापलीकडे पोचला आणि रेल्वे फाटक पडलं. नवरदेव अलीकडे! मी म्हटलं, "मास्तर, वाजवत पुढं निघू या का?"

"नवरदेवाबगर? लोक म्हनतील, सर्कस आली!"

आम्ही फाटकाकडं तोंड करून मालगाडीलाच वाजवून दाखवलं. शेवटच्या डब्यातून गार्डानं हिरवा झेंडा हलवला!

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. परीक्षेच्या दिवसांत एका बोळात क्लासचे सर हात जोडून म्हणाले, "आवाज नको." मास्तरांनी शब्द दिला. क्रम तोच, आवाज बंद. पण नवरदेवाचे मित्र कसले थांबतात? वाद्यांविनाच नाचायला लागले! झाडून सगळी पोरं खिडकीला. सर पळत आले, "मास्तर, वाजवा बाबा! नुसता नाच बघून पोरं लई हसायलीत!"

पण मनात घर करून बसलंय ते भूकंपानंतरच्या उन्हाळ्यातलं लग्न. गाव सगळं पत्र्याच्या शेडात, आणि तिथलं हे पहिलंच लग्न. नवरदेव घोड्यावर बसला. मास्तर वळले. "वरमाय कुठंय?"

चुलता हळूच म्हणाला, "भूकंपात भाऊ गेला. आता वैनी कशी पुढं यंल? माझी बायको उभी हाय की."

मास्तरांनी क्लॅरोनेट पेटीत ठेवलं. "पोराला जलम कुनी दिला?"

मुहूर्त टळत चाललेला. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "तुमाला आमच्या रीती काय ठाव!"

"एवढीच ठाव हाय. घोड्यामागं माय." असं म्हणून मास्तर पेटीवरच बसले. खरं सांगतो, माझी छाती अभिमानानं भरून आली होती.

शेवटी नवरदेवच घोड्यावरून उतरला आणि आईला हाताला धरून घेऊन आला. डोक्यावर पदर घेऊन ती घोड्यामागं उभी राहिली.

मास्तर उठले. पेटीतून क्लॅरोनेट काढून ओठापर्यंत नेलं आणि थांबले. शेडांकडं बघून मोठ्यानं विचारलं, "मागं कोन ऱ्हायलं का?"

पत्र्याचं एक दार वाजलं. मग दुसरं. मोकळ्या कपाळाच्या बाया एकेक करून वरमायेच्या मागं येऊन उभ्या राहू लागल्या. त्या दिवशी बँड बराच वेळ थांबला.