मुनीमचा मागचा पाय

चिखलीत गोजरबाईंना न घाबरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे; मी शेजारी असून थरथरतो. त्या धान्याचं दुकान चालवतात आणि गावाच्या भानगडी फुकट वाटतात. निम्म्या माझ्याकडूनच जातात, ते सोडा. त्यांना स्वतःला मात्र एकच भय: मुनीमच्या मागच्या पायांचं.

मुनीम म्हणजे दुकानातला बोका. उन्हाळ्यात जनावरांच्या डॉक्टर प्रतीक्षाताईंनी सांगितलं, याच्या हृदयाची भिंत जाड झाली आहे. आत रक्ताची गुठळी झाली आणि सुटली, तर बहुधा मागच्या पायांकडे जाऊन अडकते. रोज तळवे बघा. फिके, निळसर दिसले की तसाच उचलून आणा.

तेव्हापासून बाई देवाआधी बोक्याचे पाय धरत.

"वहिनी, दादांचे पाय असे धरले होते का कधी?" त्यांच्या वारलेल्या यजमानांवरून मी एकदा छेडलं.

"ते काय उंदरं मारत होते?"

पोळ्याला बाईंकडे बैल नाही. पण सण राबणाऱ्याचा, आणि दुकानात राबतो मुनीम! त्यांनी त्याला ओवाळलं, चारही पंजे गेरूने रंगवले.

दुसऱ्या सकाळी तो पोत्यांमागे किंचाळला. मी धावलो. बाई तळवे बघत होत्या.

"लाल हायेत हो. पोट दुखत असन. तेल गरम करतो, चोळून देतो."

मुनीम पुढच्या पायांवर सरकला. उजवा मागचा फरफटत आला. मी हात लावला. पुढचा पंजा उबदार, हा माठासारखा गार.

"वहिनी, लाल तर गेरू हाय!"

त्या रंगावर भरवसा ठेवून आम्ही अर्धा तास घालवला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, "चोळलं नाही ना? त्याने इजा वाढते." मग एक छोटं यंत्र पुढच्या पायाला लावलं. सूं-सूं, सूं-सूं, रक्त धावत होतं. मागच्या डाव्याला बारीक आवाज. उजव्याला काहीच नाही. त्यांनी यंत्र सरकवलं, पुन्हा सरकवलं.

"इथेच अडकली आहे. दुखणं थांबवते, आणखी गुठळी होऊ नये म्हणून औषध देते. दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही, आजी."

"म्या मारलं काय वं त्याले?" बाईंचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आज तिसरा दिवस. दुकान बंद. बाई तो पंजा मुठीत धरून बसल्यात.

"गरम लागून राह्यला. पन त्याची ऊब हाय का माह्या हाताची, समजत नाही. तुम्ही धरून पाहा ना, भाऊ."

मी हात पुढे केला, आणि मागे घेतला.