गर्दीतला माईक

माझ्या धाकट्या भावाला सगळे भोंगा म्हणतात. लाउडस्पीकर भाड्याने देतो म्हणून, आणि स्वतःच्या तोंडातून दिवसभर अवाक्षर काढत नाही म्हणूनही. घरातलं सगळं बोलणं माझ्याच वाट्याला आलंय!

जनरलच्या राजवटीत गिरणीच्या फाटकावर सभा व्हायच्या. पोलीस दिसले की भाऊ वायर गुंडाळून पसार. सभा घ्यायचे मास्तर. तेव्हा ते शाळेत शिकवायचे, आमच्या दुकानात खोक्यावर बसून चहा प्यायचे, मला ताई म्हणायचे. दोन माईकची कल्पना त्यांचीच. एक मंचावर, दुसरा लांब वायर सोडून गर्दीच्या मधोमध. "विचारणाऱ्याचा आवाज माझ्याइतकाच मोठा हवा," म्हणायचे. लोक वाट्टेल ते विचारायचे आणि मास्तर घाम पुसत उत्तरं द्यायचे.

जनरल पळाला, मास्तर गादीवर बसले. आम्ही वेड्यासारखे नाचलो. मग त्यांची माणसं लोकांचे प्रश्न सभेआधीच लिहून मागायला लागली. मग प्रश्नांना वेळच उरेना. मग एका सभेत आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याने विचारलं, "निवडणूक कधी?" त्या दिवशी तो घरी आलाच नाही. गर्दीतला माईक बंद झाला आणि आम्ही सगळे मूग गिळून बसलो. मीसुद्धा.

क्रांतीच्या वर्धापनदिनाच्या सभेसाठी दुकानात निरोप आला, माईक एकच आणायचा. भावाने दुसराही टेम्पोत टाकला. मी त्याचा हात धरला. "अरे बाबा, उचलून नेतील तुला!"

"सभेला दोन लागतात, ताई." बस्स, एवढंच बोलला.

मैदानात मधोमध त्याने माईक उभा केला. तापल्या तव्यापासून सरकावं तसे लोक लांब सरकले. मंचावरून मास्तरांनी पाहिलं. रागावले नाहीत, हसले. "बघा, माईक आहे, पण कुणाला काही विचारायचंच नाही. एवढं सुख आहे!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुख? डोंबलाचं सुख! "सरका," म्हणत मी माईकपाशी गेले. "मास्तर, बेकरीवाला कुठे आहे?"

मी पुन्हा विचारलं. शिपायाने वायर उपटली. मास्तर म्हणाले, "बाईंचा काहीतरी गैरसमज..." आणि त्यांचाही आवाज गेला. भावाने मंचावरचा माईक बंद केला होता. मास्तरांचे नुसते ओठ हलत होते. तेवढ्यात बेकरीवाल्याची बायको उठून ओरडली, "माझा नवरा कुठे आहे?" मग तिच्या आजूबाजूचे ओरडले, मग सगळं मैदान. मला धरायला शिपाई आले, पण गर्दी त्यांना वाटच देईना.

भावाला मात्र तिथूनच नेलं. दुकानाला सील ठोकलं. आता तुरुंगाच्या फाटकावर आम्ही दोघी रोज उभ्या असतो. ती नवऱ्याचं विचारते, मी भावाचं. पहारेकरी म्हणतो, "बाई, जरा हळू बोला."

अहो, हळू कशाला? आत त्याला ऐकू जायला हवं ना!