सत्तेचाळिसाव्या पानावरची ओळ

माझा पीएचडीचा प्रबंध बायकोने टाइप केला. ती शेलार गावची, बारावी झालेली. लग्नाआधी एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला कांजी देणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात चलनं टाइप करायची. टेमघरला आमच्या दोन खोल्यांत, शेजारच्या लूमची खडखड चालू असताना, ती दुपारी कॉम्प्युटरवर बसे आणि माझ्या वहीतली चिन्हं एकेक करून उतरवून काढी.

हे नेमकं आहे काय, असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं. मी मास्तरकीच्या तोऱ्यात सांगितलं : फलनात आकड्याऐवजी ऑपरेटर, म्हणजे एखादी क्रियाच घालायची. क्रिया एकच असेल तर सगळं सुरळीत. दोन असल्या आणि क्रम बदलल्यावर उत्तरही बदलत असलं, तर साध्या गुणाकाराचेसुद्धा दोन अर्थ होतात, आणि दोघींचा मिळून स्पेक्ट्रम, म्हणजे त्यांच्याशी जोडलेल्या आकड्यांचा संच, कशाला म्हणायचं तेच कळेनासं होतं. त्यावर ती म्हणाली, सुताला आधी कांजी देतात, मग वाळवतात; उलटं केलं तर ओलं सूत लूमवर चढवायचं कसं, तसंच ना? इतकं सोपं करून मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. मी मात्र "तसंच काहीसं" म्हणून विषय संपवला.

सत्तेचाळिसाव्या पानावर ती अडली.

"अवो, वरच्या वळीत ए आधी हाय, खाली बी आधी झालाय. असं चालतं?"

मी कॉलेजचे पेपर तपासत होतो. मान वर न करताच म्हणालो, "तू फक्त टाइप कर."

तिने केलं.

काही महिन्यांनी प्रबंध परीक्षकांकडून परत आला. त्याच ओळीत मी दोन ऑपरेटरांची खुशाल अदलाबदल केली होती, आणि मुख्य प्रमेय त्या ओळीवरच उभं होतं. वही काढून पाहिली, अक्षर माझंच. दुरुस्तीत दोन वर्षं गेली, त्याचं मला एवढं वाईट वाटत नाही.

परत का आला, असं तिने चहा देताना विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "टायपिंगची चूक राहिली." कुठे, ते सांगितलं नाही. तिचा चेहरा पडला. तिने माझी माफी मागितली, आणि मी ती मागू दिली. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

पदवी मिळाली. हल्ली मी लिहितो ते पेपरही तीच टाइप करते. प्रत्येक ओळीखाली पट्टी धरते. विचारत मात्र काहीच नाही. पान झालं की वही आणि प्रिंट माझ्यापुढे ठेवते.

"बघून घ्या. मागच्यावानी माझ्याकडून चुकी व्हायला नको."

मी "बरं" म्हणतो आणि पान तपासायला घेतो.