विश्रामभावजींची मोजदाद

गुरुवार, ३० जुलै २०२०. सकाळी तीन अंश, गवतावरचं दव गोठलेलं. दोन मास्क धुऊन वाळत घातले. लेकीचा, निहारिकाचा, पर्थहून फोन, अकरा मिनिटं. पावणेदहाला विश्रामभावजी फाटकाशी येऊन उभे राहिले आणि परत गेले. सव्वादहाला पुन्हा आले. बारा वाजता पुन्हा.

तिसऱ्या खेपेला मीच बाहेर जाऊन काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी आपला फोन पत्रपेटीवर ठेवला आणि चार पावलं मागे सरकले. मी तो उचलून वाचला. आमच्या भागातल्या ‘प्लेन्स पोस्ट’च्या संकेतस्थळावर बातमी होती : लॉकडाऊनमध्ये वेरिबीच्या एका घरी शोकासाठी एक्केचाळीस भारतीय कुटुंबं. खाली आमच्या मराठी मंडळातल्या सरिताच्या रस्त्याचं नाव, आणि तिचा नवरा दीनानाथ बारा जुलैला हृदयविकाराने गेल्याचा मजकूर. लिहिणाऱ्याच्या जागी नुसतं ‘प्रतिनिधी’.

“वहिनी,” ते म्हणाले, “तो प्रतिनिधी मी आहे.”

विश्रामभावजी सरितासमोरच्या घरात राहतात, माझ्या घरापासून सातवं. पुण्याहून एक्क्याण्णव साली इथे वेरिबीत आले ते मोटारींच्या कारखान्यात तपासनीस म्हणून. पट्ट्यावरून पुढे सरकणारा प्रत्येक दरवाजा उघडून, बंद करून पाहायचा आणि नोंद करायची, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा ते घरी बसले, आणि घरी बसणं त्यांना जमेना. तेव्हा ‘प्लेन्स पोस्ट’ हे छापील साप्ताहिक होतं, बेकरीशेजारी त्याची कचेरी होती आणि मॉरीन नावाची बाई ते चालवायची. आमच्या मंडळाच्या गणपतीची बातमी द्यायला भावजी गेले, तर तिने त्यांना पान सहाच देऊन टाकलं. कुठल्या सभागृहात काय झालं, कोण गेलं, कुणाचं मांजर सापडलं, सगळं त्या पानावर.

भावजींचा नियम एकच : मोजल्याशिवाय लिहायचं नाही. त्रेसष्ट माणसं, पैकी अकरा मुलं. चौदा गाड्या. ताटं कमी पडली, सहा. मंडळात त्यांना बघून मुली हळूच म्हणायच्या, “आली खानेसुमारी.” माझे यजमान हेमचंद्र होते तेव्हा तर तोंडावर म्हणायचे, “विश्राम, तू सत्यनारायणाला आलास की देवसुद्धा रांगेत उभा राहतो.” भावजी हसायचे आणि मोजत राहायचे.

मॉरीनचीही एक पद्धत होती. दर सोमवारी चार वाजता ती फोन करायची आणि त्यांनी पाठवलेली प्रत्येक ओळ त्यांनाच वाचून दाखवायची. मराठी नावं अडखळत म्हणायची, पण भावजी ‘बरोबर’ म्हणेपर्यंत पुढे जायची नाही. सात वर्षं सोमवारी चारला कुणी त्यांच्याकडे चहाला जात नसे.

मार्चअखेर पेपर विकला गेला. नवे मालक दुसऱ्या राज्यातले, त्यांचे असे पंधरा-वीस पेपर आहेत म्हणे. छपाई ‘तूर्त’ थांबवली, बेकरीशेजारच्या दारावर भाड्याने देण्याची पाटी लागली, मॉरीनची नोकरी गेली. पान सहा गेलं, कारण पानंच गेली. बातम्या फोनवर दिसू लागल्या, त्याही कधी आमच्या, कधी कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या. एकदा आमच्या नदीच्या बातमीवर समुद्राचा फोटो होता. सोमवारचा फोन बंद झाला. भावजी तरीही दर सोमवारी मजकूर पाठवत राहिले. मी एकदा म्हटलं, कशाला पाठवता? ते म्हणाले, कुणीतरी वाचत असेल की.

दीनानाथ गेला तेव्हा अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. मुलगा कुशल सिडनीकडे पॅरामॅटाला, आणि राज्याची सीमा चारच दिवसांपूर्वी बंद झालेली. त्याने बापाला फोनच्या पडद्यावरच पाहिलं. सरिता घरात एकटी. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, नातलग पिठलं-भात आणतात. इथे नातलग कुठले? मंडळातल्या घरांनी दिवस वाटून घेतले. रोज तीन घरं, शेवटचे दोन दिवस चार. डबा दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवायचा, घंटा वाजवायची, फाटकापर्यंत मागे यायचं, तिने डबा उचलला की हात करून निघायचं. माझा वार पहिला बुधवार होता. आमटी-भात आणि दुधी नेला. कुणी उंबरठा ओलांडला नाही. समोरच्या खिडकीतून भावजी हे सगळं रोज पाहत होते आणि वहीत लिहीत होते. तेरावा झाल्यावर त्यांनी पाठवलं : तेरा दिवसांत एक्केचाळीस घरांनी दाराबाहेर डबे ठेवले, कुणीही आत गेलं नाही. त्यांच्या मते दीनानाथच्या मृत्यूची यापेक्षा चांगली बातमी होऊ शकत नव्हती. तिकडे कुणीतरी ती आखूड केली.

बुधवारी बातमी आली. गुरुवारी सकाळी सरिताच्या मॅनेजरचा फोन आला. ती वृद्धांच्या निवासात सेविका आहे, आणि त्या दिवसांत तशा निवासांतून रोज माणसं दगावत होती. खुलासा होईपर्यंत शिफ्टला येऊ नकोस, असं तिला सांगण्यात आलं. तिने ते फोनवर मला सांगितलं. कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, कुणीतरी तक्रार केली असेल असं तिला वाटत होतं. “काकू, मी दार तर उघडतही नव्हते नीट,” एवढंच ती तीन वेळा म्हणाली. मला माहीत असलेलं मी तिला सांगितलं नाही. ते माझं सांगायचं नव्हतं.

भावजींनी नव्या मालकांना तीन ईमेल केल्या. पाच कामाच्या दिवसांत उत्तर देऊ, असं यंत्राचं उत्तर तीनदा आलं. शुक्रवारी एक नंबर लागला. फोनवर मुलगी होती, आवाज गोड. ती म्हणाली की बातमी फार छान चालली आहे, आठवड्यात सगळ्यात जास्त वाचली गेली आहे. कुणी बदलली, ते तिला माहीत नव्हतं.

त्या दोन दिवसांत ते माझ्या फाटकाशी किती वेळा आले ते मी लिहिलं आहे : नऊ. दर वेळी नवी तोड. मॉरीनला सांगतो. वकिलाला विचारतो. खरं तर वही आणि मूळ ईमेल त्या मॅनेजरला दाखवली असती तर काम झालं असतं, पण वहीवर त्यांचं नाव होतं. मग बातमी कुणाची, हे सरितालाही कळलं असतं आणि मंडळालाही. मी त्यांना जा म्हटलं नाही, जाऊ नका असंही म्हटलं नाही. मला रात्री नीट झोप लागली नाही.

शनिवारी अकराला ते मला म्हणाले, “वहिनी, तुम्ही नुसत्या उभ्या राहा.” मी सरिताच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला उभी राहिले. त्यांनी घंटा वाजवली आणि फाटकापर्यंत मागे आले. सरिता बाहेर आली.

“सरिता, ती बातमी मी पाठवली होती. त्यांनी मोडून छापली. पण आकडा माझाच.”

 मास्कमुळे तिचा चेहरा कळेना.

“काका, तुम्ही मोजत होतात?” ती म्हणाली. “माझ्या दाराशी कोण कोण आलं, ते?”

“हो.”

“मी रडत बाहेर यायचे, तेव्हाही?”

 भावजींनी पुढे होऊन मूळ ईमेलची प्रत आत घातलेली वही पायरीवर ठेवली. त्यात सगळं होतं : तारीख, वेळ, घर, डबा उचलायला ती किती मिनिटांनी बाहेर आली तेसुद्धा. तिने वही उघडली, दोन पानं पाहिली, मिटली आणि आत घेऊन गेली. दार लावलं ते हळूच.

रविवारी आणखी कडक निर्बंध जाहीर झाले. सोमवारी तिने वहीच्या पानांचे फोटो आणि मूळ ईमेल मॅनेजरकडे पाठवले. मंगळवारपासून ये, असं उत्तर आलं. पहाटेच्या शिफ्टला ती गेलीही. मंडळात तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कुणी भावजींना खानेसुमारी म्हणालं नाही. कुणी फोनच केला नाही.

बुधवारी, पाच ऑगस्टला, नव्या मालकांचं उत्तर आलं, बरोबर पाचव्या कामाच्या दिवशी. तक्रारीची दखल घेऊन मजकूर काढून टाकला आहे. दुरुस्ती नाही, दिलगिरी नाही. पान उघडलं तर सापडत नाही असं येत होतं. भावजींना वाटलं, सुटलो. दुपारी कुशलचा त्यांना फोन आला. बातमी चुकीची होती हे त्याला ठाऊक होतं, पण दीनानाथ गेल्याचं छापून आलेलं तेवढंच होतं, आणि तो रोज ते उघडून बापाचं नाव पाहत असे. त्याने विचारलं, “Uncle, where’s Baba’s page gone?”  ते मला फाटकातून हे सांगत होते आणि सांगताना सारखे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मी म्हटलं, मूळ मजकूर तुमच्याकडे आहे ना, तो त्याला पाठवा, सगळाच्या सगळा. ते म्हणाले, सरिताला विचारल्याशिवाय नाही. आणि विचारायला ते अजून गेलेले नाहीत.

संध्याकाळी सहाला रोजनिशीत लिहिलं : कणीक संपत आली. पाच किलोची पिशवी मागवली, शुक्रवारी येईल.