दुःखाच्या घरातली सही

तो सिंगापुरात, मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटवर आला तेव्हा हातात पेढ्यांचा बॉक्स होता. पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. पेढे मात्र ठेवून घेतले. पेढ्यांचा काय दोष?

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही पुरतं नाही. तरी तळकोकणात खाण कंपन्यांसाठी जमीनवाल्यांच्या संमती मीच घेतल्या, उभी हयात. डोंगर खोदायचा तर ज्याची जमीन त्याचा होकार लागतो. तो आणणारा माणूस मी. दलाल म्हणणाऱ्याशी मी बोलत नसे. कागद वाडीसमोर मोठ्याने वाचायचा. माती कुठे टाकणार, झरा आटेल का, हे कुणी विचारायच्या आधी आपण सांगायचं. समोरचा ‘बघू’ म्हणाला की ते ‘नाही’ समजायचं आणि उठायचं. आणि मयत झालेल्या घरात बारावं होईपर्यंत कागद पिशवीतून बाहेर काढायचा नाही. दुःखातलं माणूस कशालाही हो म्हणतं. कंपनीचे साहेब चिडायचे. चिडोत.

हा माझ्याच हाताखाली शिकला. मी काम सोडून मुलाकडे सिंगापूरला आलो आणि मागे त्याने एका बाईची सही घेतली. तिचा नवरा जाऊन आठवडाही झाला नव्हता. ती दार लावत होती, तर हा म्हणाला, “काकांनी पाठवलंय.” मग तिने सही केली. गावी गेलो तेव्हा मला हे कळलं, तिच्याच तोंडून. “तुमचं नाव ऐकलं म्हणून केली हो,” एवढं बोलून ती आत गेली. त्या वाडीतली माणसं मला बघून वाट बदलू लागली. माझ्याकडे ना पदवी, ना हुद्दा. नाव होतं, तेच याने विकलं.

आता तोच सोफ्यावर बसून सांगत होता, “काका, इथली एक कंपनी आपल्या खाणीत पैसा घालतेय. त्यांना गावात भानगड नको. मी म्हटलं, माझे गुरू इथेच असतात, सगळ्या संमती त्यांच्या नजरेखालून गेल्यात. तुम्ही फक्त बसा. बोलायचं मी बघतो.”

मुलगा म्हणाला, “बाबा, काही गरज नाही जायची.”

“जाणार. इस्त्रीचा शर्ट काढ.”

नात पायांकडे बघून इथल्या इंग्रजीत म्हणाली, “आजोबा, चप्पल कॅनॉट लाह!” बूटही घातले.

पाया लेबार भागातल्या ऑफिसात त्या कंपनीच्या एक बाई होत्या, आपल्याकडच्याच, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी कागदांचा गठ्ठा पुढे केला. “अंकल, ये सब आपने देखा है?”

तो हळूच म्हणाला, “काका, मान हलवा.”

हलवली. आडवी.

मग माझ्या हिंदीत सांगितलं, “इसमें एक बाई की सही है. वो दुख के घर में ली है. मेरे नाम से झूठ बोलके. मैंने भेजा नहीं था.”

तो हसला. “मॅडम, अंकल की उमर हो गयी है.”

“उमर हुई है, याददाश्त नहीं गयी. इसको पूछो, उसका आदमी कब मरा था.”

एसीच्या एवढ्या गारठ्यात त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने रुमाल काढू नये, तो घाम तसाच खाली यावा, असं मला मनापासून वाटत होतं. बाईंनी गठ्ठा मिटला आणि म्हणाल्या, असल्या सह्यांवर आमची कंपनी पैसा घालणार नाही.

लिफ्टमध्ये तो म्हणाला, “काका, पोटावर पाय दिलात माझ्या.”

“दिला. अजून काढलेला नाही.”

“काय पाहिजे तुम्हाला?”

“तिला फोन लाव.”

खाली एमआरटी स्टेशनच्या दाराशी उभं राहून त्याने लावला. म्हणाला, “वहिनी, मी खोटं बोललो होतो. काकांनी पाठवलं नव्हतं.” मी फोन काढून घेतला. पलीकडून ती कडाडली, “फोनवर कसलं सांगतो? खोटं दारात बोललास ना? मग खरं पण दारात येऊन बोल. वाडी मी गोळा करते.”

तिला वाटलं अजून तोच ऐकतोय. मी फोन त्याच्या हातात ठेवला. “दारात बोलावलंय तुला, वाडीसमोर. जा. नाहीतर तू घेतलेल्या बाकीच्या सह्यांची चौकशी मी सुरू करतो. मला इथे दुसरं काम नाही.”

गेला. मग तिनेच मला फोन करून सांगितलं. भर दुपारी अंगणात उभा राहिला, सगळ्यांसमोर बोलला, संमतीचा कागद तिच्या हातात ठेवला. कुणी बस म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही.

पाण्यावाचून लोकांच्या दारात उभं राहणं काय असतं, हे आमच्या बौद्धवाडीतल्या माणसाला कुणी शिकवायला नको. माझ्या बापाचा जन्म त्यात गेला. मुलगा म्हणतो, बाबा, निदान तुम्हाला तरी वाईट वाटायला हवं होतं.

नाही वाटलं. मी तिला विचारलं, “ऊन कडक होतं ना?”